भार किती, आणि केव्हा?

सौंसरला घरी बसून मी अबॅकस हे भाराखाली रचना कशी वागते ते काढणारं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. सिव्हिलच्या अभ्यासात भार म्हणजे एक आकडा: तुळईवर इतके किलोन्यूटन, संपलं. इथे त्या आकड्याखाली आणखी एक रकाना होता, अ‍ॅम्प्लिट्यूड. त्यात काय भरायचं तेच कळेना. पांढुर्ण्याच्या मामेभावाला फोन लावला. दादा म्हणाला, "भार किती ते वर. कोणत्या क्षणी त्यातला किती, ते तिथे."

म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड हा दोन स्तंभांचा तक्ता निघाला. एकात वेळ, दुसऱ्यात गुणक. दोन ओळींमधली किंमत सॉफ्टवेअर सरळ रेषेने काढतं. पण तक्ता दिलाच नाही तर? इथे मात्र मी पार चक्रावले. गणित टप्प्यांत चालतं; एरवी स्टॅटिक (स्थिर) टप्प्यात भार शून्यापासून हळूहळू चढतो, डायनॅमिक (गतिमान) टप्प्यात पहिल्या क्षणीच पूर्ण बसतो. ट्रकमध्ये संत्र्याच्या पेट्या एकेक रचणं आणि सगळा माल एकदम टाकणं यांत जो फरक, तोच. एकदम बसलेल्या भाराने तुळई जवळपास दुप्पट वाकू शकते! आकडा तोच असूनही.

सॉफ्टवेअरसोबतची उदाहरणं चाळताना अचानक कोयना धरण दिसलं. आपलं कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, माणसं गेली, 103 मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात तडे गेले. धरणातच बसवलेल्या यंत्राने ते हादरे टिपले होते. त्याच नोंदीचा तक्ता आज जगभरचे विद्यार्थी अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणून भरतात. आधी स्टॅटिक टप्प्यात धरणाचं वजन आणि पाण्याचा दाब, मग डायनॅमिक टप्प्यात दहा सेकंदांचा भूकंप. आडवं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याजवळ पोचतं. तक्त्यातली वेळ एरवी त्या टप्प्याच्या सुरुवातीपासून मोजली जाते, आधीच्या टप्प्यापासून नव्हे. हे कळेपर्यंत भूकंप नेमका कुठून सुरू होतो याचा मला उलगडा होत नव्हता.

त्या ओळींमागे कोयनानगरची पहाट आहे हे कळल्यावर मी एकेक ओळ सावकाश वाचली.

नव्याने शिकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: तक्ता भरला की आधी त्याचा आलेख काढून पाहा, एककं तपासा, आणि गणिताचं कालांतर नोंदीतल्या दोन ओळींच्या अंतराहून मोठं ठेवू नका. नाहीतर सर्वांत मोठा हादराच गाळला जाऊ शकतो.