टनाचा खर्च कुणाच्या वहीत?

बी.कॉम.ला प्रोसेस अकाउंट, नॉर्मल लॉस, ओव्हरहेडची वाटणी असं सगळं मन लावून केलं होतं. शेवटी एक आकडा यायचा. तो बरोबर तरी असायचा नाहीतर चूक तरी. बीडला एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पासाठी मॅनेजमेंट अकाउंटिंग घेतलं, ते याच आवडीपोटी. सरांनी वाचायला दिलेल्या पहिल्या लेखात मात्र एकही गणित नव्हतं.

जॉन बर्न्स आणि रॉबर्ट स्केपन्स यांचा तो लेख 'मॅनेजमेंट अकाउंटिंग रिसर्च' या नियतकालिकात 2000 साली आलेला. हिशेबाचे नियम, रोजची वहिवाट आणि तिच्यामागच्या संस्था असा सगळा विचार. हे अकाउंटिंग की समाजशास्त्र, तेच कळेना. मग जॉन्सन आणि कॅप्लन यांच्या 1987 च्या 'रेलेव्हन्स लॉस्ट' या पुस्तकाची ओळख झाली. खर्च मोजायच्या बहुतेक पद्धती अमेरिकेत 1925 पर्यंत तयार झाल्या होत्या. पुढे बाहेरच्यांना दाखवायच्या ताळेबंदाचा वरचष्मा झाला आणि कारखान्याच्या आतल्या निर्णयांना त्या आकड्यांचा उपयोग उरला नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तर पुरती चक्रावले. आकडा बरोबर असूनही निरुपयोगी कसा ठरतो?

सर म्हणाले, "लेख बाजूला ठेव. तुझ्या माजलगाव तालुक्यातला एक टन ऊस घे आणि त्याचा खर्च काढ."

ऊस आमच्याकडे कुणाला नवा नाही. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली होती, म्हणजे टनाला 3400. महाराष्ट्रात कारखाना त्यातून तोडणी-वाहतूक वजा करतो आणि उरलेले पैसे शेतकऱ्याला देतो. मी पहिल्याच ओळीवर अडकले. तोडणी-वाहतुकीची सोय कारखाना लावतो, पैसे तोच चुकते करतो, पण त्याचा भार शेतकऱ्याच्या बिलावर पडतो. मग हा खर्च कुणाचा? ज्याच्या हातात तो कमी करणं आहे त्याला त्याची झळ नाही, आणि ज्याला झळ आहे त्याच्या हातात काही नाही. जबाबदारीनुसार खर्च नेमून देण्याचं जे प्रकरण मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, ते इथं जिवंत उभं होतं.

पुढच्या ओळीलाही तसंच. उसापासून साखर निघते, तशी मळी आणि बगॅसही. सामाईक खर्च यांच्यात कसा वाटायचा, हे पुस्तकात चार गुणांचं गणित. इथं मात्र वाटणीवर शेतकऱ्याचा दर अवलंबून. रंगराजन समितीने 2012 मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा उसाला द्यावा असं सुचवलं होतं. शेतकऱ्याच्या बाजूने पाहावं तर कृषिमूल्य आयोगाकडेच तीन हिशेब: ए2 मध्ये प्रामुख्याने प्रत्यक्ष झालेला खर्च, ए2 अधिक एफएलमध्ये घरच्यांची मेहनतही, आणि सी2 मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजसुद्धा. आईने शेतात काढलेले दिवस एका हिशेबात शून्य, तर दुसऱ्यात खर्च.

मग गावातल्या, ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या एका मुकादमाने त्याची वही पाहू दिली. एका कोयत्याला एक पान. नवरा-बायको मिळून एक कोयता. पानावर नाव नवऱ्याचं. वर उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, आणि तिची तारीख. खाली डावीकडे खेपा आणि टन, उजवीकडे किराणा, दवाखाना, आणि लाल शाईत खाडे, म्हणजे कामावर न आलेले दिवस. प्रत्येक खाड्यापुढे दंडाची रक्कम. मोळी बांधणारी, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणारी बाई या पानात वेगळी कुठे नाही. ती आजारी पडली की मात्र खाडा लागतो. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून आलेल्या पैशांची नोंद नाही. उचल फिटली की पान बंद. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामाच्या पानावर.

ही वही वाचताना बर्न्स-स्केपन्स मला पहिल्यांदा समजले. नवा नियम कागदावर आला तरी रोजची वहिवाट त्याला आपल्या पद्धतीने सामावून घेते, हेच ते सांगत होते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा करार झाला. तो नियम. पण कोयत्याच्या हातात किती जास्त पडलं हे त्या टक्क्यांवरून ठरत नाही. उचल, खाडे आणि बाकी यांच्या वहिवाटीतून जाऊन पानाच्या तळाशी जे उरतं, त्यावरून ठरतं.

माझा प्रश्न आता असा आहे: तोडणीचा दर वाढतो तेव्हा मुकादमाच्या वहीतले कोणते रकाने बदलतात आणि कोणते तसेच राहतात? कारखान्याचं खातं, शेतकऱ्याचं बिल आणि ही वही शेजारी शेजारी ठेवून मी तो तपासणार आहे. संदर्भग्रंथ अजून जड जातात, एकेक पान तीनदा वाचावं लागतं. पण खर्च हा नुसता सापडत नाही, कुणीतरी तो कशासाठी तरी मांडतो, एवढं पक्कं कळलं आहे. दरवर्षी लाखो माणसं ज्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जातात, तिथल्या वाणिज्य शाखेने हे हिशेब अभ्यासाला घ्यायलाच हवेत. तोडणाऱ्या बाईच्या कामाला वेगळा रकाना मिळावा, ही मागणी हिशेब शिकलेल्यांनीच आधी मांडली पाहिजे.