रांगेतल्या माणसाचं म्हणणं

मे महिना लागला की बॉस्टनभोवतीच्या गावांत हायस्कूलच्या सभागृहांत वार्षिक टाउन मीटिंग भरते. शाळेचं छप्पर दुरुस्त करायचं का, अग्निशमन दलाला नवा बंब घ्यायचा का, तळ्याकाठची जमीन गावानं विकत घ्यायची का, असे वीस-तीस विषय असतात. खुर्च्यांच्या मधल्या वाटेत मायक्रोफोन आणि त्यामागं बोलणाऱ्यांची रांग. एखाद्या विषयावर तासभर बोलणं होतं, आणि मग कुणीतरी पुढं येऊन म्हणतं, ‘मूव्ह द क्वेश्चन.’ म्हणजे चर्चा पुरे, आता मत घ्या. यावर वेगळं मतदान होतं, दोन-तृतीयांश लोकांनी हो म्हटलं की चर्चा तिथंच थांबते. रांगेत उभी असलेली माणसं हातातल्या कागदाची घडी घालून जागेवर जाऊन बसतात.

नगरकडून आलेल्या माणसाला हे सहन होत नाही. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, तरी फोनवर अजून ‘नगरला पाऊस आहे का’ असंच विचारलं जातं. त्याच नगरच्या गावांत माणूस एकदा उठून उभा राहिला, की ‘बोलू द्या की त्याला’ असं मागून कुणीतरी म्हणतंच. तो विषय सोडून बोलेल, गेल्या वर्षीच्या पाइपलाइनवर घसरेल, भावकीचं भांडण मध्ये आणेल, पण त्याला न बोलता बसवणं हा अपमान समजला जातो. इथं मात्र शंभर माणसांच्या डोळ्यांदेखत, नियमाला धरून, शांतपणे माणसं गप्प केली जातात आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. या सदराच्या लेखिकेला ही गोष्ट कित्येक वर्षं खुपते आहे. आपल्याला नेमकं काय खुपतं, याचा छडा लावायचा म्हणून हा लेख.

मॅसॅच्युसेट्स राज्यात शहरं आणि गावं मिळून ३५१ आहेत. बॉस्टननं १८२२ साली शहराचा दर्जा घेतला आणि टाउन मीटिंग सोडली. भोवतालच्या गावांनी ती धरून ठेवली. सहा हजारांहून कमी वस्तीच्या गावाला तर प्रतिनिधी निवडून सभा त्यांच्यावर सोपवायची मुभाच नाही. तिथं प्रत्येक मतदार सभेचा सभासद, आणि गावचा अर्थसंकल्प मंजूर करणं हे त्याचंच काम. आपल्याकडं १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला जी जागा दिली, तिच्याशी ही मांडणी इतकी जुळते की नगरचा माणूस पहिल्यांदा सभागृहात शिरतो तेव्हा ओळखीचीच वाटते.

कोरमची अडचणही तीच. महाराष्ट्रात ग्रामसभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी हजेरी लागते. ती भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला पुन्हा कोरम लागत नाही. त्यामुळं काही गावांत पहिली सभा तहकूब होणार हे धरूनच लोक घरी बसतात. इकडं प्रत्येक गाव आपल्या नियमात कोरम ठरवतं. काही गावांनी हजेरी जमेना म्हणून ती अटच काढून टाकली. गाव पारनेर तालुक्यातलं असो की चार्ल्स नदीकाठचं, स्वतःच्या गल्लीचा विषय असला की लोक येतात आणि अंदाजपत्रक आलं की उठून जातात.

फरक सुरू होतो तो खुर्चीपासून. ग्रामसभेत अध्यक्ष सरपंच. ज्या कामावर लोकांचे प्रश्न असतात ते काम त्यांनीच केलेलं, आणि कुणी किती वेळ बोलायचं हेही तेच ठरवणार. टाउन मीटिंगचा मॉडरेटर मात्र या एकाच कामासाठी निवडून आलेला असतो. गावचा कारभार पाहणारं सिलेक्ट बोर्ड बाजूच्या टेबलाशी बसतं, उत्तरं तेच देतं. मॉडरेटरचा त्या विषयाशी संबंध नसतो. त्याच्या परवानगीशिवाय कुणी बोलायचं नाही, असं राज्याचा कायदाच सांगतो. आणि बोलताना समोरच्याकडं वळून ‘तुम्ही असं म्हणालात’ हे चालत नाही. जे काही सांगायचं ते मॉडरेटरला उद्देशून.

नव्या माणसाला हा रिवाज रुक्ष वाटतो. पण ज्यानं भर ग्रामसभेत ‘तात्या, तुमची विहीर काठोकाठ हाय म्हणून तुम्हाला ऊस सुचतोय’ हे वाक्य ऐकलं आहे, आणि त्यानंतर पाण्याचा विषय बाजूला पडून तात्यांच्या तीन पिढ्या कशा निघतात हे पाहिलं आहे, त्याला या रिवाजाची किंमत लवकर कळते. वाक्य खरंच असतं. तात्यांची विहीर भरलेली असते आणि बोलणाऱ्याची कोरडी. दोघांना तोच पाऊस वेगळा दिसतो. पण ते तात्यांच्या तोंडावर फेकलं की तात्या विहिरीबद्दल बोलायचं सोडून इज्जतीबद्दल बोलू लागतात. तेच वाक्य खुर्चीला उद्देशून बोललं असतं, तर ‘ज्यांच्या विहिरीला पाणी आहे आणि ज्यांच्या नाही, त्यांचा या ठरावाकडं पाहण्याचा हिशेब वेगळा आहे’ असं काहीतरी झालं असतं, आणि त्यावर तात्यांनाही उत्तर देता आलं असतं.

यावर नगर जिल्ह्यानं स्वतःचा तोडगा काढलेला आहे, आणि तो टाउन मीटिंगच्या तोडग्यापेक्षा सरस आहे असं या लेखिकेचं मत आहे. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला पाऊस कमी, अवर्षणाची सवय. पोपटराव पवार १९८९ साली तिथं सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान ही त्या गावाची कामं सर्वांना ठाऊक आहेत. बोलण्याच्या दृष्टीनं मोलाचा आहे तो तिथला पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी कुठं आहे, हे मोजून आकडे ग्रामसभेपुढं मांडले जातात. माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल ते आधी बाजूला काढायचं, उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ठरवायचं. उसासारख्या तहानलेल्या पिकाला तिथं जागा नाही, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. विहीरवाला आणि बिनविहिरीचा, दोघांसमोर एकच आकडा असतो. मतभेद मिटत नाहीत, पण भांडण कशावर आहे हे सगळ्यांना एकसारखं दिसतं. इकडं तेच काम वित्त समितीची पुस्तिका करते: प्रत्येक विषयाखाली खर्च किती, समितीची शिफारस काय आणि ती का. पुस्तिका घरी बसून वाचायची असते आणि पुष्कळ जण ती सभेत आल्यावर उघडतात. पावसाचा आकडा मात्र हिवरे बाजारच्या माणसानं आपल्या वावरात उभं राहून पाहिलेला असतो.

टाउन मीटिंगचं अमेरिकेतलं सर्वांत गाजलेलं चित्र नॉर्मन रॉकवेलचं. व्हरमाँटमधल्या आर्लिंग्टन गावी, जळलेल्या शाळेच्या जागी नवी बांधण्याच्या ठरावाला रॉकवेलच्या शेजारच्या एका शेतकऱ्यानं एकट्यानं विरोध केला, आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकून घेतलं. त्या प्रसंगावरून रॉकवेलनं ‘फ्रीडम ऑफ स्पीच’ रंगवलं. कामाच्या जाकिटातला माणूस उभा आहे, कोट-टायवाले मान वर करून त्याच्याकडं पाहत आहेत. मूळ चित्र मॅसॅच्युसेट्समध्येच, स्टॉकब्रिजच्या संग्रहालयात आहे. ते छापून आलं २० फेब्रुवारी १९४३ च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये.

त्याच दिवशी नगरच्या भुईकोट किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते खटल्याविना कैदेत होते. नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, शंकरराव देव आणि इतर, असे एकूण बारा जण. ‘छोडो भारत’चा ठराव केव्हा आणि कसा करावा, यावरच त्यांच्यात एकमत नव्हतं; आझादांच्या मनात शंका होत्या. यांतल्या बहुतेकांना १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत एकाच भिंतीआड राहावं लागलं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथं १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये लिहिलं, आणि प्रस्तावनेत आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचं ऋण नावं घेऊन मानलं. बोलायला बंदी घातलेल्या माणसांनी आपापसात इतकं बोलून घेतलं की त्यातून एक ग्रंथ उभा राहिला. तिथं ‘चर्चा पुरे’ म्हणणारं कुणी नव्हतं, आणि म्हणूनही उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला तीच माणसं समोर असायची.

ग्रामसभेचं खरं बळही याच गोष्टीत आहे. सभा संपली तरी बोलणं संपत नाही. पारावर, चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर ठरावाची दुसरी फेरी होते. सभेत गप्प बसलेला तिथं बोलतो आणि सभेत तावातावानं बोललेला तिथं जरा नमतो. टाउन मीटिंग संपली की लोक गाड्यांत बसून दहा मिनिटांत पांगतात. म्हणून रांगेतल्या माणसाला बोलायला मिळणारी तीन मिनिटं गेली, की त्याचं म्हणणं बहुतेक कायमचंच गेलं.

टपरीवर बायका नसतात, हेही तितकंच खरं. त्यासाठी महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानं एक फार शहाणी तरतूद केली आहे: नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची. अनेक गावांत ती कागदावर उरकतात, हे मान्य. पण जिथं ती मनापासून होते, तिथं नळाचं पाणी पहाटे चारला सुटलं तर उठायचं कुणी, हा प्रश्न मुख्य सभेत आधीच तयार होऊन येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये अशी सोय नाही. सभा संध्याकाळी सातला सुरू होते, तेव्हा लहान मुलांची आई घरी असते. काही गावं सभेच्या वेळी मुलं सांभाळायची व्यवस्था करतात. ती सगळ्यांनी करायला हवी.

कुणी बोलावं याइतकंच आधी कुणी ऐकावं हेही महत्त्वाचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेले ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधलं सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न आजाराचा होता. गावकऱ्यांच्या दृष्टीनं आधी पाणी आणि पोटाला अन्न. डॉक्टरांनी आपला आग्रह मागं ठेवला आणि पाण्यापासून सुरुवात केली. हातपंप बसवताना ते दलित वस्तीत येतील असं पाहिलं, त्यामुळं पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडं जावं लागलं. पुढं गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, बायकाच आरोग्यसेविका म्हणून उभ्या राहिल्या. दोन बाजूंचं म्हणणं जुळवण्याचं याहून ठोस उदाहरण या लेखिकेला अमेरिकेतही सापडलेलं नाही.

आता इथल्या वाचकांसाठी कामाचं. टाउन मीटिंगला जायला मतदार असावं लागत नाही. ग्रीन कार्डवाले, एच-वन वाले, आलेले आई-वडील, सगळे बसू शकतात. दारावर नाव तपासणाऱ्यांना ‘नॉन-व्होटर’ सांगायचं, ते वेगळ्या जागी बसवतात. बोलायचं असेल तर सभेच्या काही दिवस आधी मॉडरेटरला लिहून परवानगी मागायची. बहुतेक मॉडरेटर ती देतात किंवा सभेला विचारतात. वार्षिक सभेची विषयपत्रिका, इथला शब्द वॉरंट, निदान सात दिवस आधी जाहीर करावी लागते. तिच्यातले दोनच विषय निवडावेत आणि वित्त समितीची पुस्तिका वाचून जावं. तीन मिनिटांत एकच मुद्दा बसतो. तो कागदावर लिहून घड्याळ लावून घरी मोठ्यानं वाचून पाहावा. रांगेत पहिल्या चारांत उभं राहावं, म्हणजे चर्चा बंद करायचा ठराव यायच्या आत बोलून होतं.

ज्यांनी नागरिकत्व घेतलं आहे त्यांना आणखी एक वाट मोकळी आहे. दहा नोंदणीकृत मतदारांच्या सह्या असतील तर वार्षिक सभेच्या वॉरंटमध्ये आपला विषय घालावाच लागतो. ‘चर्चा बंद करण्यावर मत घेण्याआधी रांगेत किती जण आहेत हे मॉडरेटरनं जाहीर करावं’ एवढा एका ओळीचा नियम गावाच्या नियमावलीत आणता येईल. सभेनं तो मंजूर केला की राज्याच्या ॲटर्नी जनरलकडं मान्यतेला जातो, मग लागू होतो. गणपतीत भेटणाऱ्या मराठी घरांतून, ती एकाच गावात राहत असतील तर, दहा सह्या एका संध्याकाळी होतील.

आणि तिकडचं. भारतीय पासपोर्ट अजून असलेल्यांनी नमुना ६-अ भरून आपल्या गावच्या मतदारयादीत नाव ठेवावं. मतदानाला मात्र प्रत्यक्ष जावं लागतं. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. नाताळच्या सुट्टीत घरी जाणारे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतीचं तिकीट काढतात, त्यामुळं वर्षानुवर्षं गावी जाऊनही एकही सभा पदरी पडत नाही. घरून काम करायची मुभा असेल तर मुक्काम २६ जानेवारीच्या पुढं न्यावा. झेंडावंदन झाल्यावर सभेला बसावं, आणि त्याआधी महिला सभा कधी आहे ते ग्रामपंचायतीत विचारून घरातल्या बायकांना तिथं आवर्जून पाठवावं.