झोळीची कडी

त्या दुपारी कडी निसटली तेव्हा झोळी रिकामी होती. सूनबाईने नातवाला दोनच मिनिटांपूर्वी पाजायला उचललं होतं. खोलीतून धप्प असा आवाज आला, आम्ही धावलो, तर फरशीवर सासूबाईंची मऊ जुनी नऊवारी, तिच्यावर कडी आणि ओंजळभर प्लास्टर. सून काही बोलली नाही. बाळाला छातीशी धरून नुसती उभी राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं, कारण ती कडी माझ्या हट्टाने लावली होती.

"पाळणा कशाला विकत आणता? माझी पोरं झोळीतच वाढली," असं मीच म्हटलं होतं. खोटं नव्हतं ते. पण ती वाढली राजवाड्यामागच्या आमच्या जुन्या घरात. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, तसंच आमच्या गल्लीतही लाकडाला तोटा नव्हता. कडीपाटाचं छत, हातभर जाडीच्या सागवानी तुळया. दिवाणखान्यात मामंजींचा झोपाळा पितळी साखळ्यांवर टांगलेला. ते पेढीवर गेले की सासूबाई आणि मी त्यावर बसून गहू निवडायचो. वरच्या कड्यांकडे कधी मान वर करून पाहिल्याचं आठवत नाही. तुळईच्या आरपार गेलेल्या त्या कड्यांवर अख्खं घर झुललं.

आता विजयनगरच्या फ्लॅटमध्ये आलो. पडद्याचे रॉड लावायला आलेल्या पोराला मीच म्हटलं, "बेटा, जाता जाता एक कडी पण ठोक." त्याने ठोकली. दोष त्याचा नाही. मी त्याला कशासाठी हवी ते सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीतले एक म्हातारे मिस्त्री आले. कडी हातात घेऊन म्हणाले, "माताजी, ये तो पर्दे की गिट्टी है, इसमें जान कहाँ!" प्लास्टिकची ती गिट्टी छताच्या अर्ध्या इंचाच्या गिलाव्यात जेमतेम रुतली होती, खाली काँक्रीटपर्यंत पोचलीच नव्हती. मी विचारलं, मग पंख्याच्या हुकाला बांधली तर? बऱ्याच घरी बांधतात. ते म्हणाले, तो हूक स्लॅबमध्येच गाडलेला असतो खरा, पण किती जाड, किती खोल, गंज किती, काहीच दिसत नाही. आणि पाच किलोचं बाळ हा काही सगळा भार नाही. कोणी झोका देतं, मोठं भावंड धावत येऊन त्यावर आडवं पडतं. नुसतं लटकलेलं वजन वेगळं आणि धपकन् पडलेलं वेगळं, त्याला निदान दुप्पट तरी धरा.

घर बांधताना स्लॅब ओतायच्या आधीच सळ्यांच्या जाळीत वाकवलेला हूक अडकवून घेतात, तो सगळ्यात भरवशाचा. तयार फ्लॅट घेणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना ते कोण विचारणार!

त्याच आठवड्यात न्यू जर्सीहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिने घरात हॅमॉक टांगला आहे. तिकडच्या भिंती म्हणजे लाकडी खांबांवर जिप्समचे पत्रे. खांब सोळा-सोळा इंचांवर असतात. ती लोहचुंबक फिरवून पत्र्याआडचे स्क्रू शोधते आणि तिथेच कडी लावते. "आई, तुझ्या भिंती तर विटांच्या, मग कसली काळजी!" मी मिस्त्रींना विचारलं, तर ते हसले. झोळी आणि झोपाळा खाली ओढतात, हॅमॉक भिंतीला आडवा ओढतो. दोरी जितकी ताणून बांधाल तितका ओढा जास्त. माझ्या इंजिनियर मुलाने कागदावर करून दाखवलं: सत्तर किलोचा माणूस, दोरी आडव्या रेषेपासून तीस अंशांवर, तर प्रत्येक कडीवर सत्तर किलो. तीच दोरी पंधरा अंशांवर आली की जवळपास 135. आमची मधली भिंत चार इंची. तिच्यावर हॅमॉक नको, हे मीही समजले.

महावीर जयंतीला देवळात पाळण्याची दोरी ओढायला आम्ही बायका रांगेत उभ्या राहतो. त्या वर्षी रांगेत माझं लक्ष प्रथमच पाळण्याच्या खाली गेलं. तो छताला नव्हताच, चार पायांच्या घोडीवर होता. घरी तसाच स्टँड घ्यावा, असं मी सुनेला सुचवलंही. ती म्हणाली, "नको आई, झोळीत तो चांगला झोपायचा. फक्त नीट लावू या."

मग मिस्त्रींनी लोखंडी पट्टी आणली. आधी पंख्याच्या तारांची नळी कुठून गेलीय ते पाहिलं, तिला टाळून काँक्रीटमध्ये चार अँकर बोल्ट खोल बसवले, मध्ये बंद कडी. उघडा हूक नको, झोक्यात दोर बाहेर सरकतो. झोळी गादीपासून वीतभरच वर. आणि बाळ बसायला लागलं की ती सोडून ठेवायची, हे सुनेने स्वतःच ठरवलं. मोठ्या पोरांनी गोल गोल फिरवली की पिळलेलं लुगडं गळ्याला बसतं.

तरी चार-पाच दिवस बाळ पलंगावरच झोपलं. मी काही म्हटलं नाही. एका रात्री पाण्यासाठी उठले, तर खोलीत दिवा. सुनेने मुलाला हाताशी घेऊन पन्नास किलोचं गव्हाचं पोतं झोळीत चढवलं होतं. ती हाताने झोका देत होती आणि मान वर करून कडीकडे पाहत होती.

मी तिथेच खाली बसले. मग दोघी आळीपाळीने झोका देत राहिलो.