परवडणारं फिरतं घर

रविवार. कॅम्परव्हॅन म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येते आकुर्डीच्या फोर्सची ट्रॅव्हलर. खिसा चाचपला की नजर मारुतीच्या ऑम्नीवर आणि ईकोवर येते. ऑम्नी 1984 मध्ये आली, 2019 मध्ये बंद झाली. 796 सीसीचं साधं इंजिन. कुठलाही मेकॅनिक उघडतो, पण घाटात भरल्या गाडीची दमछाक होते. 2010 पासूनची ईको 1.2 लिटरची, म्हणून मन तिच्याकडे झुकतं. मात्र सीएनजीची नको, टाकी झोपायची जागा खाते.

जुनी गाडी बघताना चकाकत्या रंगाला भुलायचं नाही. मॅट उचलून पत्रा बघायचा. कोकणात राहिलेली गाडी तळातून गंजलेली असू शकते. इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगायचं आणि कात्रजचा घाट चढवून बघायचा. पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरची गाडी स्वस्त दिसते, पण फेरनोंदणी आणि पर्यावरण कर मागे लागतात. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय का, हेही पाहायचं.

आत पक्कं फर्निचर ठोकलं तर आरटीओची परवानगी आली. त्यापेक्षा काढता-घालता येणारी प्लायवूडची फळी बरी. बजेटचा काही हिस्सा टायर-बॅटरीसाठी राखायचा. उरलेल्यात बसेल तीच गाडी आपली.