गंधाचा माग

गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की गुळव्या डोळ्यांइतकाच नाकावर विसंबतो. कोल्हापूरकडच्या एका वृद्ध गुळव्याचे नाक त्याच्या हातांना कंप सुटण्याआधी कित्येक वर्षे निकामी झाले होते. मात्र ते आजाराचे लक्षण असेल, असे घरात कुणाच्या मनातही आले नाही. कंपवातात गंधज्ञान पुष्कळदा असे आधीच मावळते, हे त्याच्या नातीने महाविद्यालयात असताना वाचले. पदवीच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात संशोधन शिष्यवृत्ती मिळाली आणि ती दोन महिन्यांसाठी बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत दाखल झाली. निघताना आबा एवढेच म्हणाले, "गेलेला वास परत येतो का, तेवढं बघून ये."

मेंदूच्या शोधात गेलेल्या या मुलीच्या हाती आली ती पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे. प्रथम तिचा हिरमोड झाला. पण या क्षुद्र जीवाची परंपरा मोठी होती. होमी भाभांच्या निमंत्रणावरून 1962 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या ओबैद सिद्दीकी यांनी पुढे याच फळमाशीच्या आधारे रुची आणि गंध यांचा आनुवंशिक माग काढला. वेरोनिका रॉड्रिग्ज या त्यांच्या विद्यार्थिनीने चव व वास नीट न कळणाऱ्या माश्या वेगळ्या काढल्या. 2024 साली प्रौढ मादी माशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. खसखशीच्या दाण्याएवढ्या त्या मेंदूत सुमारे 1,39,000 चेतापेशी आहेत.

प्रत्यक्ष काम मात्र स्वयंपाकघरातले वाटावे असे होते. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून कुप्या भरायच्या. त्यांचा आंबूस दर्प कपड्यांतून जात नसे. नुकत्या बाहेर पडलेल्या माद्यांचा नरांशी संग होण्याआधी त्या वेगळ्या करायच्या, म्हणून पहाटेच उठायचे. मग दुफाटा फुटलेल्या काचेच्या नळीत माश्या सोडायच्या. एका फाट्यात केळ्याच्या वासाचे द्रव्य, दुसऱ्यात काहीच नाही. कोणत्या फाट्यात किती गेल्या, ते मोजायचे.

तिसऱ्या आठवड्यात तिचे आकडे बोलू लागले. जनुकात बदल झालेल्या माश्या वासाकडे फिरकत नव्हत्या, साध्या माश्या धावत होत्या. तिने घरी फोनही केला. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ संशोधक विद्यार्थिनीने न बोलता कुप्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यांना नुसते क्रमांक दिले आणि क्रमांकांची यादी स्वतःच्या खणात ठेवली.

आठवडाभराने यादी उघडली तेव्हा फरक निम्म्याहून कमी उरला होता. माश्या त्याच होत्या. नळीच्या तोंडाशी, दुफाट्यावर घुटमळणाऱ्या माश्यांना ती आजवर नकळत हव्या त्या बाजूला मोजत आली होती. लबाडी तिने केली नव्हती. तिच्या मायेने केली होती. त्या रात्री तिने जुनी वही फाडली नाही. प्रत्येक पानावर तारीख घालून 'पुन्हा मोजणे' एवढे दोन शब्द लिहिले.

अशा उन्हाळ्यातून रोगाचा इलाज हाती लागत नाही. दोन महिन्यांत माश्यांच्या जेमतेम पाच पिढ्या होतात. मिळते ते एवढेच, की ज्या प्रश्नावर आपला जीव जडला आहे, त्यालाच आपल्या इच्छेपासून दूर ठेवायला माणूस शिकतो. हे शिक्षण पुस्तकात असते, पण तिथे ते दुखत नाही.

ती परतली तेव्हा पाऊस लागला होता. आबा ओसरीवर बसले होते.

"सापडलं काय?"

"नाही, आबा. आधी दिसलं होतं, ते चुकीचं निघालं. अजून मोजायचं आहे."

आबांनी थरथरता हात गुडघ्याखाली दाबून धरला. "मग मोज," ते म्हणाले. "पाक कच्चा असताना काहील उतरवली, तर ढेप बसत नाही."

अंगणातली माती भिजून दरवळत होती. तो वास तिला येत होता. आबांना येत नव्हता.