उसना आवाज

चित्रपटांतल्या आवडत्या प्रणयदृश्यांबद्दल गप्पा निघाल्या की माणसं साधारणपणे कोण कुणाच्या किती जवळ आलं ते सांगतात. मी वेगळंच काही ऐकत असते. पडद्यावर ओठ हलताहेत ते एकाचे, पण आवाज कुणाचा आहे? इच्छा कुणाची आणि शब्द कुणाचे? अनुवाद करून करून लागलेली खोड म्हणा हवं तर. पण माझ्या आवडत्या दृश्यांची यादी करायला बसले, तेव्हा त्यातल्या जवळपास प्रत्येकात प्रेमाचं बोलणं दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून येतं, हे लक्षात आलं.

कोलकात्यात ‘उत्तम-सुचित्रा’ हा एकच शब्द आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा रविवारी दुपारी सासूबाईंच्या शेजारी बसून मी त्यांचे सिनेमे पाहायला शिकले. त्यातला ‘सप्तपदी’ (1961) त्यांचा खास. ताराशंकर बंद्योपाध्यायांच्या कादंबरीवरचा, अजय कर यांनी दिग्दर्शित केलेला. मोटरसायकलवरचं गाणं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण मला आवडतं ते ‘ऑथेल्लो’चं दृश्य. वैद्यकीय महाविद्यालयातला कृष्णेंदू आणि त्याच्याशी फटकून वागणारी अँग्लो-इंडियन रीना ब्राऊन नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात समोरासमोर येतात. पलंग, दिवा, झोपलेली डेस्डिमोना, तिच्यावर वाकलेला ऑथेल्लो. भद्र बंगाली कुटुंबं एकत्र बसून बघतील अशा चित्रपटात एवढी जवळीक शेक्सपिअरच्या आडोशानेच दाखवता आली असती. आणि गंमत अशी की, तिथे उत्तमकुमारचा आवाज उत्तमकुमारचा नाही, सुचित्रा सेनचा सुचित्राचा नाही. ते इंग्रजी बोललेत उत्पल दत्त आणि जेनिफर केंडल. उत्पल दत्त जेनिफरच्या वडिलांच्या ‘शेक्सपिअराना’ या फिरत्या नाटक मंडळीत काम केलेले. म्हणजे एका इंग्रज नाटककाराचे शब्द, दुसऱ्या दोघांचे आवाज आणि खाली दोन बंगाली चेहरे. इतक्या उसनवारीनंतर त्या दोन चेहऱ्यांवर जे उमटतं, ते मात्र अगदी त्यांचं असतं.

दुसरं दृश्य गुरुदत्तच्या ‘प्यासा’मधलं (1957). हा चित्रपट हिंदी असला तरी त्यातलं शहर कलकत्ता. गुरुदत्तचं बालपण इथे भवानीपुरात गेलं होतं. विजय गच्चीवर पाठमोरा उभा आहे. गुलाबो जिना चढून येते. खाली गल्लीत एक वैष्णवी कीर्तन गाते आहे, राधेच्या आर्ततेचं. गुलाबो एक शब्द बोलत नाही. ती त्याच्या पाठीपर्यंत येते, हात लावणार असं वाटतं, आणि थबकते. शेवटी न शिवताच मागे वळते. जे तिला म्हणायचंय ते खालची बाई देवाला म्हणते आहे. शब्द साहिरचे, चाल सचिनदेव बर्मन यांची, आवाज गीता दत्तचा. आणि त्या वेळी गीता दत्त गुरुदत्तची पत्नी होती. आता मोजा : राधा, वैष्णवी, गुलाबो, गीता. एका पुरुषाच्या पाठीमागे चार बायका उभ्या आहेत, आणि कुणाचं बोलणं कुणाचं हे सांगता येत नाही.

तिसरं अर्थातच ‘चारुलता’ (1964). सगळे झोपाळ्याबद्दल बोलतात, चारूच्या हातातल्या दुर्बिणीबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. मला त्यात अमलचं गाणंही हवं असतं. रवींद्रनाथांचं ते गीत समुद्रापलीकडच्या कुणा अनोळखी स्त्रीला उद्देशून आहे, आणि अमल ते गातो भावजयीसमोर, तिच्याच घरात. सौमित्र चॅटर्जींच्या ओठांवर आवाज किशोरकुमारचा. पुढे चारूचा स्वतःचा लेख मासिकात छापून येतो. ती तो अंक अमलच्या डोक्यात हाणते, आणि मग त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडते. प्रेमाचा एक शब्द नाही. आपल्या गावाबद्दल लिहिलेला लेख हेच तिचं प्रेमपत्र.

याच सौमित्रनं वीस वर्षांनी ‘घरे बाइरे’त (1984) संदीप केला. तिथे राय यांनी चुंबन थेट दाखवलं. तरी ते माझ्या यादीत नाही. संदीप वाक्पटू आहे. प्रेमाचं बोलताना त्याला कुणाचा आधार घ्यावा लागत नाही. तो एकदाही अडखळत नाही, आणि म्हणून मला त्याचं काही खरं वाटत नाही.

आता मराठीकडे येते, कारण माझी खरी अडचण तिथे आहे.

मी सांगलीची. बाविसाव्या वर्षी तौलनिक साहित्यात एम.ए. करायला जादवपूरला आले, बुद्धदेव बसूंनी 1956 साली सुरू केलेल्या विभागात. तिथेच प्रेमात पडले, ते बंगालीत. भांडणं बंगालीत, समजूत काढणं बंगालीत, अंधारातलं बोलणं बंगालीत. मराठी राहिली आईच्या फोनपुरती आणि टेबलापुरती. म्हणजे ज्या भाषेत मी अनुवाद करते, त्या भाषेत मी कधी कुणावर प्रेमच केलेलं नाही. एरवी हे जाणवत नाही. भूक, मरण, पाऊस, जमिनीचे तंटे, सगळं मराठीत नीट उतरतं. पण गेल्या वर्षी एका बंगाली कादंबरीच्या अनुवादात नवरा-बायकोच्या एका रात्रीचं प्रकरण आलं आणि मी तीन आठवडे अडून बसले.

‘चुमू’ हा बंगाली शब्द लहान मुलालाही चालतो आणि प्रियकरालाही. मराठीत ‘चुंबन’ म्हटलं की पाठ्यपुस्तक उघडतं, ‘पापी’ म्हटलं की पाळणा हलतो, आणि ‘मुका’ म्हटलं की ढोलकी वाजायला लागते. त्याहून कठीण ‘आदर’. बंगालीत आदर करणं म्हणजे कुरवाळणं, लाड करणं, अंगावरून हात फिरवणं, पुढे अंथरुणातलं सगळंच. मराठीत आदर म्हणजे उठून उभं राहणं. त्या रात्रीच्या प्रकरणात हा शब्द अकरा वेळा येतो.

मराठीला शृंगार बोलता येत नाही असं नाही. ‘पिंजरा’ (1972) आठवा. पडद्यावर संध्या, आवाज उषा मंगेशकरांचा, शब्द जगदीश खेबुडकरांचे, आणि खेबुडकर पेशानं शिक्षक. एका मास्तरच्या अधःपाताच्या कथेतल्या लावण्या एका मास्तरनंच लिहिल्या. त्यांच्याआधी होनाजी, राम जोशी, पठ्ठे बापूराव. लिहिणारे पुरुष, गाणाऱ्या बोलणार त्या बाईच्या मनातलं. आणखी मागे गेलं तर ज्ञानेश्वरांच्या विराण्या आहेतच. आपल्याकडची इच्छासुद्धा नेहमी कुणाच्या तरी उसन्या आवाजात बोलत आली. फक्त एका टोकाला फड आणि दुसऱ्या टोकाला देऊळ. मधल्या साध्या घरातल्या, दिवा मालवलेल्या खोलीतला आवाज मला सापडत नव्हता.

माझे अनुवाद आई हस्तलिखितात वाचते. शहात्तर वर्षांची आहे, शुद्धलेखनात कडक. हे प्रकरण तिला पाठवू नये असं वाटत होतं, तरी पाठवलं, कारण तिच्याशिवाय माझी मराठी तपासणारं घरात कुणी नाही. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी तिनं आधी दोन ठिकाणचे अनुस्वार सांगितले. मग म्हणाली, “ते ‘कुरवाळलं’ काढ गं. मांजर वाटतंय.”

“मग काय लिहू?”

“जवळ घेतलं म्हण. आम्ही तेच म्हणायचो.”

‘आम्ही’ म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. थोडं थांबून तीच म्हणाली, “तुझे बाबा काही बोलायचे नाहीत हं. बँकेतून आले की चहा, पेपर. पण सांगली केंद्रावर एखादं ठरावीक गाणं लागलं की उठून रेडिओ मोठा करायचे. मी स्वयंपाकघरात. मला कळायचं.”

कोणतं गाणं, ते तिनं सांगितलं नाही. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मला तो रेडिओ आठवतो, त्याचं जाळीचं झाकण आठवतं, तो अचानक मोठा झाला की अभ्यासातून लक्ष उडायचं तेही आठवतं. बाबांना कमी ऐकू येतं अशी आम्हा भावंडांची समजूत होती.

‘जवळ घेणं’ मुलालाही चालतं, नवऱ्यालाही, रडणाऱ्या मैत्रिणीलाही. त्यात ‘आदर’सारखं एकाच वेळी ऊबही आहे आणि पुढचं सगळंही. अकरापैकी नऊ जागी तेच ठेवलं. उरलेल्या दोन जागी काहीच लिहिलं नाही. तिथे कादंबरीतला नवरा दिवा मालवतो, तेवढं पुरलं.

पुस्तक पावसाळ्यात छापायला गेलं. माझ्या नवऱ्याला मराठी वाचता येतं, पण सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवून. त्या प्रकरणापाशी आल्यावर त्यानं विचारलं, “जॉबळ घेतलं माने की?” मी त्याला बंगालीत अर्थ सांगितला नाही. तेच मराठीतच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.