'थंड करणे' या क्रियापदाविषयी

'थंड करणे' हे क्रियापद आपण मराठीत फार सैलपणे वापरतो, अशी माझी जुनी तक्रार आहे. माठ पाणी थंड करतो, आणि संगणकातील ग्राफिक्स कार्डावरचे पंखेही कार्ड थंड करतात असे म्हणण्याची पद्धत आहे. यांपैकी दुसऱ्या वापराने गेल्या मे महिन्यात, नागपूरच्या मुक्कामात, मला बरेच छळले.

भाचा घरूनच ॲनिमेशनची कामे करतो. घर त्यावर चालते. त्याच्या कार्डावर तीन पंखे, त्यांखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची चळत आणि तीतून ओवलेल्या तांब्याच्या नळ्या. या नळ्या पोकळ असतात, हे मला नवीन होते. आत थोडेसे पाणी आणि सच्छिद्र तांब्याचे अस्तर. हवा काढून घेतलेली असल्याने ते पाणी शंभर अंशांच्या कितीतरी आधीच उकळते. चिपपाशी त्याची वाफ होते, ती पात्यांपाशी उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून झिरपत माघारी येते. "हे तर माठाचंच तत्त्व!" मी उत्साहाने म्हणालो.

"मामा, माठातलं पाणी उडून जातं. हे परत येतं."

सारा फरक येथे आहे. माठ आपले पाणी गमावतो, म्हणूनच तो भोवतालच्या हवेहून थंड होऊ शकतो. नळीतले पाणी काहीच गमावत नाही. ते केवळ ओझे वाहते. पंखा कितीही गरगरला तरी कार्डाला खोलीच्या हवेहून थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांवर असेल तर ८० अंशांच्या चिपला ५५ अंशांची उतरण मिळते. खोली ४० वर गेली की ४०चीच उरते. तेवढीच उष्णता त्या तोकड्या उतरणीवरून लोटायची, तर हवा अधिक वेगाने ढकलावी लागते. पंख्यांचा आवाज चढतो तो त्यामुळे.

या आवाजाची थट्टाही झाली आहे. २००३ साली बाजारात आलेल्या एनव्हिडियाच्या 'जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा' या कार्डाचा पंखा इतका किंचाळे, की लोकांनी त्याला 'डस्टबस्टर' हे हातातल्या व्हॅक्यूम क्लीनरचे नाव दिले. पुढे कंपनीनेच स्वतःची टिंगल करणारी चित्रफीत काढली. तीत ते कार्ड पालापाचोळा उडवायला वापरलेले आहे. मला मात्र त्याविषयी थोडा आदर वाटतो. ते पेटीबाहेरची हवा ओढून घेई आणि तापलेली हवा थेट पेटीबाहेर फेकी. आजची बहुतेक घरगुती कार्डे ती पेटीतच सोडतात. पुढचे काम पेटीच्या पंख्यांचे. आवाज कमी झाला खरा, पण उष्णता? भाच्याचे कार्ड २०२२ सालचे 'आरटीएक्स ४०९०' आहे, ४५० वॅटचे. यातली जवळजवळ सारी वीज अखेर उष्णताच होते. पूर्ण भारावर दोन तास चालले तर सुमारे एक युनिट, म्हणजे मे महिन्यात खोलीत लहानसा हीटर.

साहजिकच खोलीला एसी आहे. तो कार्डाची उष्णता उचलतो, तीत स्वतःच्या विजेची भर घालतो आणि बाहेरच्या यंत्रातून गल्लीत सोडतो. वस्तुतः कोठेच काही थंड झालेले नसते. फक्त हलवलेले असते. कोणाच्या अंगावर, हे क्रियापद सांगत नाही.

त्या यंत्राखाली इस्त्रीवाल्याची गाडी उभी असे. उन्हाळ्यात ती त्याने समोरच्या कडुनिंबाखाली नेली. भाच्याचे कपडे अजून त्याच्याचकडे जातात.